मेरी पामर : एका फांदीचा गोतावळा

आमच्या सोसायटीच्या फाटकावर बोगनवेलीची कमान आहे. थंडी सुरू झाली की ती जी फुलते, ती पार मे संपेपर्यंत. सकाळी वडाळे तलावाकडे फिरायला निघालेली माणसं त्या कमानीखाली हमखास थबकतात आणि वॉचमनला विचारतात, "दोन वेली एकत्र लावल्यात का हो?" विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. एका फांदीवर गडद गुलाबी झुबके, तिला लागून असलेल्या फांदीवर पांढरेशुभ्र, आणि मध्येच एखादं अर्धं गुलाबी, अर्धं पांढरं, जणू रंगवता रंगवता कुणाला हाक आली आणि तो उठून गेला. वेल मात्र एकच आहे. तिचं नाव मेरी पामर, जन्मगाव कोलकाता, आणि जन्मसाल 1949. परदेशी नावाची ही बाई पक्की भारतीय आहे, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलं आहे की आता वॉचमनच परस्पर सांगतो.

मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरच्याला समजेपर्यंत समजावण्याची खोड गेलेली नाही. ही वेल आमच्या घरात आणली माझ्या सासऱ्यांनी. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथून त्यांनी हे रोप आणलं आणि एस.टी.च्या गाडीत मांडीवर ठेवून पनवेलपर्यंत सांभाळलं. घरी आल्यावर डालड्याच्या डब्याचा पत्रा कापला, त्यावर ऑइलपेंटनं 'मेरी पामर' असं लिहिलं आणि ती पाटी तारेनं खोडाला बांधली. नाव लिहिलेली पाटी घरात असणं ही केवढी श्रीमंती आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी फुलाचं बोलू. सातवी-आठवीच्या वर्गात फुलाचे भाग शिकवायला आम्ही जास्वंद वापरायचो. निदल, पाकळ्या, पुंकेसर, सगळं ठसठशीत दिसतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोगनवेलीचा झुबका न्यायची आणि विचारायची, "यातलं फूल कुठलं?" सगळा वर्ग त्या गुलाबी कागदी भागाकडे बोट दाखवी. ते फूल नव्हे. ते पान आहे. फुलाच्या पायथ्याशी असणाऱ्या अशा पानांना वनस्पतिशास्त्रात छदं म्हणतात. बोगनवेलीत ही छदं तीन-तीनच्या गटानं येतात, आणि प्रत्येकाच्या आतल्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक, नळीसारखं, मोतिया रंगाचं फूल असतं. खरं फूल ते. त्याचं आयुष्य थोडं. रंगीत छदं मात्र कितीतरी दिवस टिकतात, सुकली तरी कागदासारखी फांदीवर राहतात. बोगनवेल महिनोन् महिने फुललेली दिसते ती या पानांच्या जोरावर.

या वेलीचे नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पसरणारी पुनर्नवा या दोघी बोगनवेलीच्याच कुळातल्या. पुनर्नवा आयुर्वेदात सुजेवरचं औषध म्हणून प्रसिद्ध आहे. 1872 पासून धूतपापेश्वर कारखाना असलेल्या आमच्या पनवेलकरांना तर ती वेगळी सांगायला नको. गुलबक्षीच्या एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि शिंतोडे उडालेली फुलं तुम्ही पाहिली असतील. तेव्हा एका झाडावर दोन रंग ही चाल या घराण्याला नवी नाही. आणखी एक गंमत. गुलाब, जास्वंद, जांभूळ यांचा लाल-जांभळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते द्रव्य बोगनवेलीत नसतं. तिचा गुलाबी रंग बीटच्या रंगाच्या जातीचा. त्या रंगद्रव्यांना बीटालेन म्हणतात. बीट चिरल्यावर हाताला जो रंग लागतो, त्याचा भाऊबंदच फाटकावरच्या कमानीत असतो.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. युरोपातल्या शास्त्रज्ञांपर्यंत ती पोचली, ती फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बूगँव्हील याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत. 1766 साली ही मोहीम निघाली. जहाजावर फिलिबेर कॉमेर्साँ नावाचा वनस्पतितज्ज्ञ होता. 1767 मध्ये जहाजं ब्राझीलच्या रिओ दि जानेरो बंदरात थांबली असताना त्याला ही वेल मिळाली आणि तिला त्यानं आपल्या कप्तानाचं नाव दिलं. कॉमेर्साँ तब्येतीनं तोळामासा. त्याच्या हाताखाली जो मदतनीस होता, तो डोंगर चढे, ओझी वाही, झाडं गोळा करी. पुढे उघड झालं की हा मदतनीस पुरुष नाहीच. ती झान बारे नावाची बाई होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून पुरुषाच्या वेशात चढलेली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. रिओच्या किनाऱ्यावर बोगनवेलीची पहिली फांदी बारेनंच तोडली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. वेलीवर नाव मात्र कप्तानाचं लागलं. बारेच्या नावानं एक झाड व्हायला 2012 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी वांगी-बटाट्याच्या कुळातल्या एका वनस्पतीला तिचं नाव देण्यात आलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोगनवेल युरोपमार्गे भारतात आली आणि कोलकात्यात रुजली. तिथे तेव्हा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था होती, आजही आहे. तिची स्थापना 1820 सालची आणि संस्थापक विल्यम कॅरी. हे नाव वाचून मराठीच्या अभ्यासकांचे कान टवकारतील. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1805 मध्ये मराठी भाषेचं व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश छापणारे ते हेच कॅरी. धर्मप्रसार, भाषा आणि बागकाम या तिन्ही गोष्टी हा माणूस सारख्याच चिकाटीनं करत होता. पुढे 1830 मध्ये आपल्याकडे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली. पुण्याचं एम्प्रेस गार्डन हीच संस्था चालवते. म्हणजे अण्णांनी मांडीवर आणलेल्या रोपामागे या दोन संस्थांची पिढ्यान् पिढ्यांची मेहनत होती.

आता 1949. कोलकात्याच्या अलीपूर भागात या सोसायटीची बाग आहे. तिथे 'मिसेस एच. सी. बक' नावाची बोगनवेल होती. सगळी गुलाबी. त्या वर्षी तिच्या एका फांदीवर वेगळंच काही फुललेलं आढळलं. काही छदं गुलाबी, काही पांढरी, काही दोन्ही. सोसायटीचे सचिव सिडनी पर्सी-लँकॅस्टर हे त्या काळातले नावाजलेले उद्यानतज्ज्ञ. बोगनवेलीवर त्यांचा विशेष जीव. अशा फांदीकडे दुसरा कुणी 'रोग पडला असेल' म्हणून कात्री घेऊन धावला असता. इथे ती फांदी ओळखली गेली, तिची कलमं बांधली गेली आणि तिला 'मेरी पामर' हे नाव मिळालं. आज पनवेलपासून फ्लोरिडापर्यंत जिथे जिथे मेरी पामर फुलते, ती त्या फांदीचीच. तिच्या लेकी-नाती नव्हेत, तीच. कारण कलम म्हणजे पिल्लू नाही. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा दुसऱ्या मातीत वाढत राहणं.

हे झालं कसं? झाडाच्या वाढत्या शेंड्यात पेशींचे थर असतात. त्यातल्या एखाद्या पेशीत अचानक बदल होतो, रंग तयार करण्याची तिची कळ बंद पडते, आणि त्या पेशीपासून वाढणारा सगळा भाग पांढरा राहतो. शेजारच्या पेशी मात्र जुन्याच आज्ञेप्रमाणे गुलाबी रंग बनवत असतात. दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच फांदीत नांदू लागतात. एका छपराखाली दोन चुली, तसं. कुठल्या डोळ्यातून कुठल्या चुलीचं माणूस बाहेर येईल, याचा नेम नाही. म्हणून मेरी पामरची कुठली फांदी कुठल्या रंगाची निघेल, हे आधी सांगता येत नाही. फांदीवर आपोआप घडणाऱ्या अशा बदलाला बागवान 'स्पोर्ट' म्हणतात, आणि दोन प्रकारच्या पेशींनी बनलेल्या झाडाला शास्त्रज्ञ 'कायमेरा' म्हणतात.

या बाईला पुढे गोतावळाही झाला. तिच्यावरच पानं हिरवी-पिवळी झालेली एक फांदी निघाली. ती 'थिम्मा'. फुलं आईसारखी दुरंगी, शिवाय पानंही रंगीत, म्हणून फुलोरा नसतानाही ती देखणी दिसते. नर्सरीत आज थिम्माला आईपेक्षा जास्त मागणी असते. मेरी पामरवरूनच मिळालेली दुसरी जात 'शुभ्रा'. नावाप्रमाणे ती सगळी पांढरी. तिच्यात फक्त एकच चूल उरली, असं म्हणा.

तुम्ही म्हणाल, एवढी फुलं येतात तर बिया का नाही पेरायच्या? बागेतल्या बऱ्याच बोगनवेली संकरातून आलेल्या आहेत आणि त्यांच्यात बी धरतच नाही. 'मिसेस बट' या प्रसिद्ध किरमिजी जातीचं उदाहरण घ्या. 1910 च्या सुमाराला कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातून ती त्रिनिदादला गेली आणि तिथून जगभर पसरली. अशा काही वांझ जातींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. दोनाचं समान वाटप होतं, तिनाचं होत नाही, त्यामुळे बीज तयार होताना घोळ होतो आणि वेल वांझ राहते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात त्रिलोकीनाथ खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात यावर मार्ग शोधला. कोल्चिसिन हे रसायन वापरून त्यांनी गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली, वांझ जाती फळू लागल्या, आणि त्यांच्या संकरातून 'बेगम सिकंदर', 'वाजिद अली शाह' अशा लखनवी नावांच्या नव्या बोगनवेली निघाल्या. मेरी पामरच्या बाबतीत मात्र हाही उपाय कामाचा नाही. तिचं वैशिष्ट्य दोन प्रकारच्या पेशींच्या शेजारात आहे, आणि बी तर एकाच पेशीतून सुरू होतं. बियाण्यातून तो शेजार उतरणं शक्य नाही.

भारतात बोगनवेलीवर इतकं काम झालं की 1966 पासून जगातल्या बोगनवेलींच्या जातींची अधिकृत नोंद ठेवण्याची जबाबदारी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. या कामाचे मोठे पुरस्कर्ते डॉ. बेंजामिन पिअरी पाल. हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, आणि मनानं गुलाब-बोगनवेलीचे. ब्राझीलच्या वेलीचं जगातलं जन्मनोंदणी कार्यालय दिल्लीत असावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बी नसण्याची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती कर्नाळ्याला गेलं की दिसते. अभयारण्याच्या वाटांवर घाणेरी माजलेली असते. तीही अमेरिकेतूनच आलेली, तीही शोभेचं झाड म्हणूनच आणलेली, आणि तीही एकोणिसाव्या शतकात कोलकात्यातूनच देशभर गेलेली. फरक एवढाच, की घाणेरीला फळं धरतात. पक्षी ती खातात आणि बिया रानभर टाकतात. आज सह्याद्रीत तिला आवरणं वनखात्याला जड जातं. बागेतली बोगनवेल तिच्यासारखी रानात घुसली नाही. ती कुंपणाशी राहिली, कारण माणसानं लावल्याशिवाय तिला कुठे जाताच येत नाही. निसर्गाच्या दृष्टीनं हा तिचा सभ्यपणा. पण तोच तिचा दुबळेपणाही. माणसानं हात आखडता घेतला की तिचा वंश तिथेच थांबतो.

हे किती खरं आहे, ते कॅमेलियाच्या गोष्टीवरून कळतं. कॅमेलिया हे चीन-जपानकडचं थंड हवेतलं झुडूप. आपला चहाही कॅमेलियाचाच एक प्रकार, त्यामुळे पनवेलच्या बागेत कॅमेलिया नसली तरी पनवेलच्या प्रत्येक घरात ती रोज सकाळी उकळत असते. 1804 साली लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातला जॉन मिडलमिस्ट हा रोपवाटिकावाला चीनमधून एक कॅमेलिया घेऊन आला. तिचं नाव 'मिडलमिस्ट्स रेड'. नावात लाल, फूल मात्र चांगलं गुलाबी, गुलाबासारखं भरगच्च. त्या काळी ती लोकांना विकलीही जात होती. पुढे तिचं काय झालं? चीनमध्ये ती आढळेनाशी झाली, विलायतेतही दिसेनाशी झाली. आज तिची दोनच झाडं ठाऊक आहेत, असं सांगतात. एक लंडनच्या चिझिक हाऊसच्या काचघरात आणि दुसरं थेट न्यूझीलंडमधल्या वाइटांगी इथे. जगातल्या सर्वांत दुर्मिळ फुलांत तिची गणना होते आणि लोक मुद्दाम तिला पाहायला जातात. पण ती दुर्मिळ झाली ती काही निसर्गाच्या कोपानं नव्हे. मधल्या काळात कुणी कलमं केली नाहीत, कुणी पाट्या जपल्या नाहीत, हौस दुसऱ्या फुलांकडे वळली, बस. मेरी पामर आज गल्लोगल्ली आहे म्हणून तिच्यावर ही वेळ येणार नाही, असं समजू नये. मिडलमिस्टच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही तेव्हा तसंच वाटलं असेल.

पनवेलला मात्र बोगनवेल अगदी मानवते. खरं तर हे थोडं उलटं वाटेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बोगनवेल तर कोरड्याची भोक्ती. पण आमचा पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो आणि उरलेले आठ महिने कडकडीत कोरडे जातात. बोगनवेल पावसाळ्यात नुसता पाला वाढवते आणि पाणी ओसरलं, दिवस लहान झाले की फुलायला लागते. कळंबोलीहून पुण्याकडे निघा किंवा सायनच्या बाजूनं पनवेलला या, दुभाजकावर कण्हेरीच्या जोडीला ही हटकून दिसते. तिथे तिला कोण पाणी घालतो? डांबराची धग, गाड्यांचा धूर, मूठभर माती, आणि तरी ती रसरशीत असते. शिवाय समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप ती अडवते आणि काट्यांमुळे गुरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

तरीही "आमची बोगनवेल फुलत नाही" ही तक्रार मी दर महिन्याला ऐकते. नेऱ्याच्या रस्त्याला एक छोटी नर्सरी आहे. तिथल्या दादांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "बाई, बोगनला लाड चालत नाहीत. रोज पाणी घालाल तर पाला खाल." हे वाक्य मी तेव्हापासून शेकडो लोकांना ऐकवलं आहे. वेलीला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन हवं. गॅलरीत उजेड आहे म्हणून भागत नाही. कुंडीतली वरची माती चांगली सुकू द्यावी, पानं किंचित मलूल झाली की मग पोटभर पाणी द्यावं. युरियासारखं नत्राचं खत दिलंत तर पानांचं रान माजेल. शेणखत, थोडी राख, हाडांचा चुरा पुरे. कुंडी लहान वाटली तरी बदलायची घाई करू नये, मुळं दाटली की ती जास्त फुलते. आणि बदलाल तेव्हा मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका, तिची मुळं नाजूक असतात आणि हा धक्का तिला सोसत नाही. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करावी. फुलांचा एक बहर ओसरला की शेंडे पुन्हा खुडावेत, दुसरा बहर येतो.

मेरी पामरला मात्र छाटताना डोळे उघडे ठेवावे लागतात. कलमासाठी काडी घ्यायची तर दोन्ही रंग दिसत असलेल्या फांदीचीच घ्यावी. नुसत्या गुलाबी फांदीची काडी लावलीत तर बहुधा गुलाबीच वेल मिळेल आणि मग तुम्ही म्हणाल नर्सरीवाल्यानं फसवलं. म्हणून फुलं अंगावर असताना फांद्यांना दोरा बांधून खूण करून ठेवायची आणि पावसाच्या तोंडावर कलमं करायची. काडी पेन्सिलीएवढी जाड, चार-पाच डोळ्यांची. या जातीच्या काड्या साध्या बोगनवेलीसारख्या पटकन मुळं धरत नाहीत. दादा तर गुटीच बांधतात. फांदीची अंगठीएवढी साल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं आणि मुळं दिसली की खालून कापायचं. झाडावर असतानाच मूळ फुटतं, त्यामुळे धोका कमी. असे हात चालवणारी माणसं पनवेल तालुक्यातल्या गावांतून अजून आहेत. त्यांची मुलं आता विमानतळाच्या आणि गोदामांच्या नोकऱ्यांकडे बघतात. त्यात गैर काही नाही, पण गुटी बांधणारी बोटं कमी होत चालली आहेत हेही खरं.

या बोटांनीच आमची वेल वाचवली. जुन्या पनवेलात तलावाच्या आसपास वाडे होते, अंगणं होती, आडावर वेली होत्या. 2016 मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वाडे उतरून इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. आमचं घरही त्यात गेलं. घर पाडण्याच्या आदल्या पावसाळ्यात दादांनी अण्णांच्या वेलीला जमतील तेवढ्या गुट्या बांधल्या. त्यातली रोपं नात्यात, शेजारात, माझ्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींकडे गेली. एक बदलापूरला आहे, एक ठाण्याला एका दवाखान्याच्या दारात, आणि एक आमच्या नव्या फाटकावर. मूळ वेल जेसीबीखाली गेली तरी तिचं काही संपलं नाही. कलमाचं हेच तर बळ आहे.

पण नाव? रोपं ज्यांच्याकडे गेली त्यांना मी विचारून पाहिलं. कुणी 'दुरंगी' म्हणतं, कुणी 'बाईंची बोगनवेल', कुणी नुसतं 'पिंकवाली'. नर्सऱ्यांतही तोच प्रकार. दुरंगी, डबल शेड, थायलंड, गिऱ्हाइकाला जे पटेल ते नाव. जुनीच जात नवं नाव घालून महागात विकली जाते, आणि दोन वेगळ्या जाती एकाच नावाखाली खपतात. दिल्लीत नोंदवह्या आहेत, पण आपल्या फाटकावरच्या वेलीला पाटी नसेल तर त्या नोंदवहीचा काय उपयोग? एखादी जात नाहीशी होण्याआधी तिचं नाव नाहीसं होतं. नाव गेलं की ती 'कुठलीशी बोगनवेल' होते, आणि कुठलीशी बोगनवेल वाचवायला कुणी गुटी बांधत नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. तुमच्या दारात, गच्चीवर, गावाकडच्या कुंपणावर जुनी बोगनवेल असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती कुठून आणली, तेव्हा तिला काय म्हणत होते. जे कळेल ते एका पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहून तिच्या खोडाला बांधा. साल माहीत असेल तर तेही लिहा. घर पाडायला निघालं असेल, तर सामान हलवण्याआधीच्या पावसाळ्यात कलमं करून घ्या आणि रोप देताना पाटीसकट द्या. पाटीचा खर्च काही रुपयांचा आहे. आमच्या फाटकावरच्या वेलीला मी ती लावली आहे: 'मेरी पामर, कोलकाता, 1949'.